हातांची खुर्ची

इंदू बनसोडे कुठंही गेली तरी आधी माणसं बघायची नाही, खुर्च्या बघायची. दवाखान्यात गेली, लग्नाला गेली, कुणाच्या मयताला गेली, तरी तिची नजर पहिल्यांदा बसायला काय आहे तिकडे जायची. मग माझ्या कानाशी लागून निकाल सांगायची. "ही फुडं ढकलती." "हिचं बूड खोल हाय, एकदा बसलं की उठवायला दोन माणसं लागतील." "ही दिसती गरीब, पण पाठीत बुक्की मारती." मी दटावायची, "अगं, मयताला आलोय आपण." त्यावर म्हणायची, "मग? मेल्यालं माणूस निवांत पडलंय. बसायचं आपल्याला हाय."

इंदूला सरळ पाठ अशी नव्हतीच. लहानपणी मणक्याला रोग झाला. गावात कुणी म्हणालं लचकलंय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोरगी वाकली ती वाकलीच. पाठीवर मधोमध कुबड, डावा खांदा खाली, उजवा वर, धड आखूड आणि पाय मात्र चांगले लांबसडक. साध्या खुर्चीची पाठ तिच्या कुबडाला नेमकी टोचायची आणि तिला पुढं लोटायची. पुढं गेली की ती डावीकडे कलायची. डाव्या कोपराखाली काही टेकू असला तर सरळ राहायची, नाहीतर डाव्या हातानं खुर्चीची कड धरून बसायला लागायचं. आणि बाईसाहेब पोटापाण्यासाठी शिकल्या काय, तर टायपिंग! दोन्ही हातांचं काम.

सांगलीत ऊस बागायतदारांच्या एका संघाच्या कचेरीत आम्ही दोघी नोकरीला होतो. सत्तरनंतरची ती वर्षं. अख्ख्या कचेरीत बायका दोनच. मी इस्लामपूरची, आवक-जावकला बसायची, तोंडानं फाटकी. ती हंगामी टायपिस्ट, कुंडलच्या बौद्धवाड्यातली. तिच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव बाहेर काढले आणि त्याच आठवड्यात पोरीला शाळेत घातलं, असं ती अभिमानानं सांगायची. पाण्याचा पेला ती स्वतःचा घेऊन यायची. आण असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सरळ तिचाच पेला उचलून पाणी प्यायले. तर ही म्हणते, "धुवून ठेव नीट. तू कुठंबी तोंड घालतीस." तिथून आमची गट्टी जमली.

आता कचेरीतल्या खुर्च्यांची जातपात सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साहेबांची खुर्ची हातांची, उंच पाठीची आणि पाठीवर पांढरा टॉवेल. हेडक्लार्कला आम्ही मोठे भाऊसाहेब म्हणायचो. त्यांची खुर्ची हातांची, पण बिनटॉवेलाची. बाकी कारकुनांच्या खुर्च्यांना हात नाहीत. शिपायाला स्टूल. हा नियम कुठं लिहिलेला मी तरी पाहिला नाही, पण माणूस बढतीवर गेला की पगाराआधी खुर्चीचे हात चाचपायचा. दोन्ही कोपरं टेकवून बसला की चेहऱ्यावर जे काही यायचं ते बघण्यासारखं असायचं.

इंदूनं पहिल्या दिवशी हजर झाल्या झाल्या हॉलमधल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवर बसून पाहिलं. कासारणीकडं बांगड्या भरताना एकेक चढवून बघावी तसं. मोठे भाऊसाहेब चष्म्यावरून बघतच राहिले. "बनसोडेबाई, काय चाललंय?" तर म्हणाली, "भाऊसाहेब, बूड टेकलं तर डोकं चालणार." एकही पसंत पडली नाही. मग तिनं गावाकडून वाकळ आणली, ती घडी करून पाठीशी घातली, आणि डावीकडे एक स्टूल ठेवून त्यावर कोऱ्या कागदांच्या रिमांची चळत रचली. चळतीवर कोपर. कुणाला कागद लागले की वरचं रिम जायचं आणि इंदू तेवढी डावीकडे कलायची. संध्याकाळपर्यंत पार झुकलेली असायची. मला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "आज साहेबांनी लय पत्रं लिहिली वाटतं. माझा डोंगर खचला."

तिला एकदा बघायला पाव्हणे आले होते. मुलगा मिलिटरीत, सुट्टीवर आलेला, सगळं ऐकून-समजून मगच आलेला. पोरीला बसायला पाट मांडला. इंदू पाटाकडं बघून म्हणाली, "मला पाटावर जमत न्हाई. खुर्ची द्या." खुर्ची घरात एकच, तिच्यावर मुलाचा मामा बसलेला! मामानं उठून खुर्ची दिली, पण जाताना निरोप ठेवून गेला, की आत्ताच खुर्चीवर बसतीय, उद्या डोक्यावर बसंल. हे सगळं इंदूनं मला नकला करकरून सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, "अगं, पाच मिनिटं घ्यायचं होतंस जुळवून." "नवऱ्यासंगं घेतलं असतं गं जुळवून," ती म्हणाली, "खुर्चीसंगं न्हाई जमत." मग मशीनमध्ये कागद घातला. जरा वेळानं मान वर न करताच म्हणाली, "पोरगा बरा हुता, शालन."

असं करत करत तिनं मनावर घेतलं की आपण आपली खुर्ची करून घ्यायची. का, तर तिला कायम व्हायचं होतं. टायपिंगच्या वरच्या स्पीडची परीक्षा पास झाली की संघ तिला कायम करणार होता. कायम म्हणजे कुणाच्या दारात ओझं म्हणून पडायचं नाही, भावजयीच्या चुलीकडं बघत बसायचं नाही. आणि तो स्पीड रिमांच्या चळतीवर कोपर ठेवून यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी आम्ही दोघी दुकानं धुंडाळायचो. दुकानदार आधी तिच्याकडं बघायचा, मग माझ्याकडं बघून विचारायचा, "कुणाला पायजे?" मला असा राग यायचा! एका दुकानदारानं तर आरामखुर्ची पुढं केली, म्हणाला, हिच्यात कसंबी पडता येतं. इंदू म्हणाली, "पडायला मला जमिनीवरबी येतंय. बसायची दावा." परत येताना वाटेत एक सलून होतं. आत खालीवर होणारी खुर्ची. इंदूचे पाय तिथंच थांबले. मी हात ओढतेय तोवर ही उंबऱ्यात. न्हावी साबणाचा ब्रश हातात धरून गार पडला. "आवं बाई, हितं बायका येत न्हाईत!" "मला दाडी करायची न्हाई," ही म्हणते, "नुसतं बसायचंय." आणि बसली! त्या बिचाऱ्यानं गिऱ्हाईकाला तसंच फेसासकट बाकावर बसवून हिला तीनदा वर नेली, तीनदा खाली आणली. गिऱ्हाईक फेसातून हसत होतं. उतरल्यावर इंदू म्हणाली, "उंची बेस हाय. पण पाठ चुकली." आणि न्हाव्याला हात जोडून बाहेर आली. मी मात्र पुढं कितीतरी दिवस त्या रस्त्यानं गेले नाही.

शेवटी कुपवाडला, कारखान्यांच्या वसाहतीत, निकम म्हणून एक मिस्त्री भेटले. मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले, पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम आणि वेल्डिंग करायचे. परक्या बाईच्या अंगाला टेप कसा लावायचा म्हणून गडी लाजला. मग त्यांनीच तोड काढली. भाताच्या तुसानं अर्धं भरलेलं पोतं भिंतीला टेकवलं, म्हणाले, "ताई, हिच्यावर टेकून बसा आरामात. मूव्ह करू नका." आणि शेडच्या बाहेर विडी ओढत उभे राहिले. इंदू उठली तशी पोत्यात तिची पाठ उमटलेली. मिस्त्री त्या खळग्याची मापं घेत बसले आणि इंदू बघत राहिली. तिनं स्वतःची पाठ कधी पाहिलीच नव्हती. हळूच मला म्हणाली, "एवढं वाईट न्हाई गं."

खुर्ची झाली सागाची. पाठ उंच, मधल्या पट्ट्या काढून कुबडाला मोकळी जागा ठेवलेली. डावा हात जरा वर, रुंद, कातडं लावलेला. उजवा हात खाली, बारीक. दिसायला अशी तिरपागडी की बघणाऱ्याला वाटावं मिस्त्रीची नजर हलली. इंदू बसली. डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "काय गं, कुठं टोचतंय?" तशी म्हणाली, "न्हाई. कुठंच न्हाई. तेच बघतीया." आणि रडायलाच लागली. निकम मिस्त्री पुन्हा विडी ओढायला बाहेर गेले.

परीक्षा साताऱ्याला होती. इंदू खुर्ची घेऊन गेली. एसटीच्या टपावर दोरीनं बांधून! कंडक्टर म्हणाला, "ह्ये काय सामान?" ही म्हणते, "सामान न्हवं, माझी पाठ हाय. तुमची अंगाला शिवल्याली हाय, माझी सुटी हाय, येवढाच फरक." गाडी हसली, कंडक्टरही हसला. साताऱ्यात स्टँडपासून परीक्षेच्या जागेपर्यंत आम्ही दोघींनी ती दोन बाजूंनी धरून नेली. लोक थांबून बघत होते. आत सगळ्यांची मशीनं खडखडत होती, पण मी बाहेर उभी राहून हिचं ओळखत होते. कुठं अडणं नाही, थांबणं नाही. ती बाहेर आली तेव्हा तोंडावर घाम आणि असं हसू, की मी आजवर विसरले नाही. पास झाली. चांगली पास झाली. परतल्यावर खुर्ची कचेरीत तिच्या मशीनपुढं मांडली. आता कायमचा कागद यायचा तेवढा बाकी होता.

आमचा शिपाई महादूमामा. वयस्क माणूस, इंदूवर फार जीव. आमच्या कचेरीत खुर्च्यांना पाय फुटायचे; आज इथं असलेली उद्या शेजारच्या खात्यात. तपासणी तोंडावर आली म्हणून मामा कचेरीच्या सगळ्या सामानावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकत होता. त्याच्या मनात आलं, पोरीची खुर्ची कुणी उचलून नेली तर? म्हणून प्रेमानं तिच्याही खुर्चीच्या मागं नंबर टाकला. लफ्फेदार, बाकीच्यांपेक्षा मोठा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

त्यानंतर संघाचे नवे अध्यक्ष पहिल्यांदा कचेरी बघायला आले. मोठे भाऊसाहेब हार घेऊन दाराशी, सगळे कारकून उभे. इंदूला चटकन उठता येत नसे, ती बसलेली. अध्यक्ष आत आले, त्यांना अख्ख्या हॉलमध्ये उंच पाठीच्या, हातांच्या खुर्चीवर बसलेलं एकच माणूस दिसलं. ते तडक तिच्यापुढं गेले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार बाई. हितल्या मुख्य तुमीच न्हवं?" इंदू म्हणाली, "न्हाई साहेब, मी टायपिस्ट. मुख्य त्ये दाराशी हुबं हायत, हार घिऊन." अध्यक्ष मोठ्यानं हसले. त्यांच्या मागं सगळा हॉल हसला. मोठे भाऊसाहेब हसले नाहीत. दुपारी ते कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झाला. कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं, काही राहिलंच नाही."

सोमवारी आम्ही आलो तर खुर्चीचे दोन्ही हात करवतीनं कापलेले होते.

कापल्या जागी सागाचं ताजं लाकूड दिसत होतं. खाली थोडा भुसाही राहिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मोठ्या भाऊसाहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, "कचेरीची खुर्ची आहे. टायपिस्टला हातांची खुर्ची नसते. दुरुस्ती करून घेतली." मी म्हटलं, "कचेरीची कशी? तिनं स्वतः करून घेतलीय!" "मग नंबर कसा?" ते म्हणाले. "नंबर आहे म्हणजे डेडस्टॉकची, कचेरीच्या मालकीची." साहेबांकडं गेले, तर साहेब म्हणाले, हेडक्लार्कच्या कामात मी पडत नाही.

महादूमामा दाराशी उभा राहून कपाळ बडवून घेत होता. "म्या माझ्या हातानं माती केली गं पोरी." इंदूनं त्याला जवळ बोलावलं. म्हणाली, "मामा, रडू नका. अक्षर मातुर तुमचं लय झ्याक हाय." आणि बिनहाताच्या खुर्चीवर बसून मशीनमध्ये कागद घातला.

रिमांचा डोंगर पुन्हा रचला, पण आता तेवढ्यानं भागेना. काही महिने अंगाला सुख कळलं होतं, ते अंग आता दुखणं सहन करायला तयार नव्हतं. दुपार झाली की तिचा चेहरा काळवंडायचा. ती एका हातानं खुर्चीची कड धरून दुसऱ्या हातानं टाईप करायची. धाप लागायची. चुका व्हायला लागल्या. रजा वाढल्या. मी म्हणायची, मिस्त्रीकडून नवी करून घेऊ. ती म्हणायची, "तिचेबी कापतील, शालन. खुर्चीचं दुखणं न्हाई ह्ये." एवढं एकच वाक्य ती त्याबद्दल कधी बोलली असेल.

कायमचा कागद आलाच नाही. मोठ्या भाऊसाहेबांनी काम समाधानकारक नाही असं वर कळवलं आणि इंदूला कमी केलं. शेवटच्या दिवशी तिनं वाकळ घेतली, पेला घेतला, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मोठे भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "ती राहू द्या." त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याचा उपयोग काय? इंदू माझा हात धरून म्हणाली, "चल गं. एसटी चुकंल." मी तिला कुंडलच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती हसली, मला मात्र जमलं नाही.

तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसू शकेना. येणारा प्रत्येक टायपिस्ट म्हणायचा, पाठीत ही कसली भोकं? शेवटी ती मोडक्या सामानात गेली आणि एका वर्षी भंगाराच्या लिलावात निघाली. महादूमामा आणि मी, दोघांनी मिळून ती घेतली. कुपवाडला नेली. निकम मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं, आणि काही न विचारता नवे हात बसवून दिले. मामानं मागचा नंबर काचेच्या तुकड्यानं खरवडून काढला. नखं दुखेपर्यंत खरवडत होता.

आम्ही ती कुंडलला घेऊन गेलो. ऊसतोड चालू होती, रस्त्यात बैलगाड्या. मामा सारखा म्हणत होता, "पोरगी आता निवांत बसंल."

इंदू अंगणात, भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मी तिला ओळखलं, पण क्षणभर उशिरा. दोन वर्षांत ती आणखी वाकली होती, आखूड झाली होती, आणि आता डावीकडे नाही, उजवीकडे कलत होती. पडलं की श्वास लागतो म्हणून रात्रंदिवस अशीच बसून असते, असं तिच्या वडलांनी सांगितलं. मामानं खुर्ची पुढं केली, तसे तिचे डोळे भरून आले. वडलांनी आणि मी तिला उचलून बसवलं. वजन काही नव्हतंच. खुर्चीचा डावा हात तिच्या काखेशी आला. पाठीतली मोकळी जागा कुबडाला लागायची ती मानेमागं गेली, आणि कुबड खालच्या फळीवर दाबलं गेलं. मला दिसत होतं. बघितल्या बघितल्या खुर्चीची अब्रू काढणारी ती बाई, महादूमामा समोर हात जोडून उभा होता त्याच्याकडं बघत म्हणाली, "झ्याक हाय मामा. जशीच्या तशी हाय. लय निवांत वाटलं बघा."

मामानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा झाला. ती खुर्चीतच बसून प्यायली, गप्पा मारल्या, आमच्या नव्या टायपिस्टची चौकशी केली. कपाळावर घाम होता तो तिनं पदरानं टिपला आणि म्हणाली, "आज ऊन लय हाय न्हवं?" थंडीचे दिवस होते. त्याच थंडीत ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या दिवशी निघताना मी तिच्या गालाला हात लावला. ती म्हणाली, "जा आता. मामाला संभाळून ने."

गल्लीच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं. वडलांनी तिला काखेत धरून खुर्चीतून उतरवलं होतं आणि ते तिला पुन्हा भिंतीशी, जमिनीवर टेकवत होते. टेकल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. खुर्ची शेजारी उन्हात रिकामी होती.

महादूमामा पुढं चालत होता, त्याला लांबचं नीट दिसायचं नाही. पाय न थांबवता त्यानं विचारलं, "बसलीया न्हवं पोरगी?"

"व्हय मामा," मी म्हटलं. "बसलीया."